प्रोसेसर आत्ता बदलायचा की थांबायचं?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच पालुपद आहे : मशीन चालतंय, पण दुकानदार म्हणतो विंडोज ११ साठी प्रोसेसर बदला. त्यात २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले आणि सगळा हिशेबच फिरला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेली काही पत्रं इथे घेतली आहेत. रुपयांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. एकाच दिवशी बेळगावात एक भाव, कोल्हापुरात दुसरा आणि हुबळीत तिसरा असतो, आणि अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तिन्ही बदललेले असतात.

प्रश्न : खडेबाजारात आमचं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, हँडबिलं. मराठी आणि कन्नड दोन्ही. मशीन आय५ ७४००, एच११० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. कोरलड्रॉ उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, सेव्ह करतानाही गोल चक्र फिरत बसतं. दुकानदार म्हणतो, सॉकेट ११५१ च आहे, नवव्या पिढीचा आय५ ९४०० वापरलेला मिळतोय, तो बसवू. बसवावा का?

उत्तर : नका. तो बसेल, पण चालणार नाही. एलजीए ११५१ या एकाच सॉकेटच्या, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीच्या, नावाखाली इंटेलने दोन न जुळणारी घराणी काढली. सहावी-सातवी पिढी (तुमचा ७४०० सातव्या पिढीचा) १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपवर चालते, म्हणजे एच११०, बी१५०, बी२५० वगैरे. आठवी-नववी पिढी ३०० मालिकेवर, म्हणजे एच३१०, बी३६०, बी३६५. खाचा जवळपास सारख्या असल्या तरी पिनांची जोडणी बदललेली आहे. एच११० वर आय५ ९४०० लावला तर पंखा फिरेल आणि पडदा काळाच राहील. दुकानदाराने आधी लावून दाखवतो म्हटलं तर पैसे तरी वाचतील.

तुमच्या बोर्डावर फार तर आय७ ७७०० किंवा ७७००के बसेल, म्हणजे ४ कोअर (प्रोसेसरमधले खरे मेंदू) आणि ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). पण सातवी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही; मोजके अपवाद आहेत, त्यात हा नाही. इंटेलच्या बाजूने यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे त्यावर घातलेला पैसा लवकरच पाण्यात जाईल.

मुळात दोष प्रोसेसरचा आहे का ते आधी पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातलं परफॉर्मन्सचं पान समोर ठेवून कोरल उघडा, एखादी जड फाइल सेव्ह करा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, २०-३० वर रेंगाळत असेल तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर जात असेल तर रॅम कमी पडते. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून आलेख 'लॉजिकल प्रोसेसर'प्रमाणे वेगवेगळे करा. त्यात एकच चौकोन भरलेला आणि बाकीचे मोकळे दिसले तर ते सॉफ्टवेअर एकाच कोअरवर चालतंय. कोरलची बरीचशी कामं अशीच चालतात. तिथे जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन हाती काही लागत नाही, एका कोअरचा वेग वाढला तरच फरक दिसतो.

तुमची लक्षणं ऐकून आमचा संशय हार्ड डिस्कवरच आहे. ५०० जीबीचा साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चकती नसलेली वेगवान डिस्क) घाला. एच११० च्या बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या छोट्या एसएसडीचा, खाचा नसतो, म्हणून अडीच इंची साटाच मागा. जुनी डिस्क क्लोन करण्यापूर्वी, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवण्यापूर्वी, तिच्यावरचा भरलेला भाग एसएसडीपेक्षा कमी आहे ना ते बघा, जुन्या कामांच्या फायली बाहेर काढून ठेवा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढलेली असू द्या, नाहीतर मशीन कुठल्या डिस्कवरून उठलं याचा घोळ होतो. हा एसएसडी पुढच्या मशीनलाही चालतो, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

विंडोजचं काय? मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० ची जादा सुरक्षा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे. मशीनवर २२एच२ ही आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्ट खात्याशी विंडोज बॅकअप जोडला तर ती फुकट मिळते, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर मोजावे लागतात. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. म्हणजे तुमच्यासाठी सल्ला असा : प्रोसेसरवर एक पैसाही नको, एसएसडी आत्ता आणि बोर्डासकट बदल त्या तारखेच्या आत.

तो बदल करताना खरी अडचण प्रोसेसरची नसते, फॉन्टच्या कुलपाची असते. मराठी-कन्नड टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालत असेल तर त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का ते कंपनीला आधी विचारा. लॉक त्याहून जुना, प्रिंटरच्या रुंद पोर्टात लावायचा असेल तर नव्या बोर्डावर ते पोर्टच नसतं. जुने फॉन्ट एका पेनड्राइव्हवर वेगळे ठेवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल नव्या मशीनवर तो फॉन्ट नसताना उघडली की अख्ख्या पत्रिकेची इंग्रजी खिचडी होते, आणि ती नेमकी मुहूर्त चार दिवसांवर आला असताना होते.

प्रश्न : मी खानापूरची, बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रायझन ३ २२००जी, बी४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, २५६ जीबी एसएसडी. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. अँड्रॉइड स्टुडिओत बिल्ड करताना चारही कोअर १०० टक्के होतात. बाबा म्हणतात नोकरी लागल्यावर नवीन घे. मैत्रीण म्हणते रायझन ५ ५६०० टाक. काय करू?

उत्तर : या महिन्याच्या टपालात 'आत्ताच बदला' असं डोळे मिटून सांगता येईल असं एकच पत्र आहे, ते तुमचं. फक्त मैत्रिणीने सुचवलेला प्रोसेसर घेऊ नका.

कारण साधं आहे. २२००जी मध्ये ग्राफिक आतच आहे, ५६०० मध्ये नाही. ग्राफिक कार्ड नसताना ५६०० लावला तर मॉनिटरवर काहीच येणार नाही. तुम्हाला ५६००जी हवा : ६ कोअर, १२ थ्रेड, आत वेगा ७ ग्राफिक, ६५ वॅट. ५६०० ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी ची १६. त्यामुळे कार्ड लावून गेम खेळणाऱ्याला ५६०० बरा. बिल्ड आणि मॅटलॅबसारख्या गणिती सॉफ्टवेअरला ५६००जी पुरेसा आहे. ४ कोअर-४ थ्रेडवरून ६-१२ वर गेल्यावर फरक स्टॉपवॉच न लावता कळतो. शिवाय २२००जी विंडोज ११ च्या यादीत नाही, ५६००जी आहे. बोर्ड तोच, रॅम तीच, पॉवर सप्लाय तोच. रॅम महाग झालेल्या काळात रॅमला हात न लावता होणारा बदल हाच सगळ्यात स्वस्त बदल. बाबांना एवढंच सांगा.

आता क्रम. हा चुकला तर बोर्ड जातो, म्हणून जरा सविस्तर.

आधी बायॉस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करायचं, तेही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. सीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर उघडून मेनबोर्डच्या पानावर बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन लिहून घ्या. त्याच बोर्डाच्या कंपनीच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी असते, त्यात ५६००जी समोर कुठली बायॉस आवृत्ती लिहिली आहे ते बघा. ती किंवा त्यानंतरची घ्या. काही बोर्डांवर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एक आधी टाकावी लागते. ते आवृत्तीखालच्या बारीक टिपेत असतं आणि तीच टीप लोक वाचत नाहीत. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल अनझिप करून त्यात टाका आणि बायॉसमधल्या फ्लॅशच्या साधनानेच अपडेट करा, विंडोजमधून नको. रॅमचं एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवण्याची बायॉसमधली सोय) चालू असेल तर आधी बंद करा.

बायॉस लिहिला जात असताना लाइट गेली तर बोर्ड मेला समजा. पावसाळ्यात खानापूर भागात हेस्कॉमची लाइट कधी डोळा मारेल सांगता येत नाही. तेव्हा यूपीएस हवाच, आणि तोही दहा मिनिटं टिकतो याची आदल्या दिवशी खात्री केलेला. यूपीएस नसेल तर मशीन बेळगावात नेऊन करून घ्या.

दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. या बोर्डांवर सुरक्षा चिपचं (एफटीपीएमचं) काम प्रोसेसरच्या आतच होतं, त्यामुळे प्रोसेसर बदलला की त्यातल्या किल्ल्या जातात. पहिल्यांदा चालू केल्यावर पडद्यावर नवीन सीपीयू बसवला आहे, एफटीपीएम रिसेट करायचं का, वाय की एन, असा इंग्रजी प्रश्न येतो. डिस्क बिटलॉकरने बंद असेल आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल तर वाय दाबल्यावर प्रोजेक्टला मुकाल. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर बंद करा, पूर्ण उकललं जाईपर्यंत थांबा, मग निर्धास्त वाय दाबा. विंडोजचा पिन नव्याने लावावा लागेल, तेवढं चालतं.

मग प्रत्यक्ष बदल. एएम४ च्या प्रोसेसरला पिना खालून असतात, बोर्डाच्या सॉकेटला नाही. प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट वाळून चिकटलेली असते. हीटसिंक सरळ वर ओढला तर सॉकेटची कडी लावलेली असतानाही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, हीटसिंकचे स्क्रू किंवा क्लिप सोडा आणि तो डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत राहा. सैल झाल्यावरच उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंटरहित कापडाने पुसा. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा. जोर लावायचा नाही. तो आपल्या वजनाने खाली बसतो. बसला नाही तर दिशा चुकली आहे किंवा पिन वाकली आहे. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध. डब्यातल्या नव्या हीटसिंकला खाली पेस्ट लावूनच आली असेल तर वरून आणखी लावू नका.

पहिल्या वेळी पडदा दोन-तीन मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमची जुळणी करत असतो, घाबरून बटण दाबू नका. पाच मिनिटांनंतरही काही नाही तर वायर काढून बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं पॅटर्न आणि मशिनिंगचं युनिट आहे. आय३ १०१००, एच४१० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४, जुनं ग्राफिक कार्ड. थ्रीडी मॉडेलमध्ये एक माप बदललं की रिबिल्डला वेळ लागतो. अकरावी पिढी त्याच सॉकेटवर बसते म्हणतात. की एकदम नवीन घ्यावं? की नवी पिढी येईपर्यंत थांबावं?

उत्तर : अकरावी पिढी एलजीए १२०० वर बसते, पण एच४१० आणि बी४६० तिला ओळखत नाहीत. त्यासाठी एच५१० किंवा बी५६० हवा. तुमच्या बोर्डावर दहाव्या पिढीचाच आय५ १०४०० किंवा आय७ १०७०० चालेल. कोअर वाढतील, पण रिबिल्ड हे एका कोअरचं काम. आय३ १०१०० चा एका कोअरचा कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ, आय५ १०४०० चाही ४.३, आणि रचना तीच. आय५ ने रिबिल्डला काडीचा फरक पडणार नाही, आय७ ने थोडासाच पडेल. तुम्ही सिम्युलेशन करत असाल, किंवा मागे टूलपाथ (मशीनच्या हत्याराचा मार्ग) काढत ठेवून पुढे दुसरं मॉडेल उघडत असाल, तर गोष्ट वेगळी.

तेव्हा बोर्डासकट बदल करायचा आणि रॅम मात्र जपायची. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलं. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, यावरून वारा कुठला ते कळावं. डीडीआर५ या नव्या रॅमबरोबर जुन्या डीडीआर४ चेही भाव चढले. एएमडीच्या एएम५ ला आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० च्या एलजीए १८५१ ला डीडीआर५ च लागते. तुमच्याकडे १६ जीबी डीडीआर४ आहे. ती चालवून घेणारा रस्ता एलजीए १७०० चा : बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीचा प्रोसेसर आणि डीडीआर४ चा बी७६० बोर्ड. याच बोर्डांच्या डीडीआर५ च्याही आवृत्त्या असतात, नाव जवळजवळ तेच. बहुतेकदा नावाच्या शेवटी 'डी४' असतं. रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जुळली नाही तर दाबू नका.

दुकानात तुम्हाला सांगतील की एलजीए १७०० मेलेला सॉकेट आहे, पुढे त्यावर नवं काही येणार नाही, एएम५ ला एएमडीने २०२७ आणि पुढेपर्यंत पाठिंब्याचा शब्द दिला आहे. दोन्ही खरं. पण तुम्ही एच४१० वर प्रोसेसर बदलायला इतकी वर्षं आला नाहीत, पुढच्या बोर्डावरही बहुधा येणार नाही. सॉकेटचं भविष्य दर दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलणाऱ्याच्या कामाचं. युनिटमधलं मशीन एकदा लागलं की ते थेट मोडीतच निघतं.

आय५ १४४०० घ्या, किंवा हात आखडता असेल तर आय५ १२४००. १४४०० चा एका कोअरचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, आणि त्याची रचनाही तुमच्या दहाव्या पिढीहून बरीच पुढची, त्यामुळे गिगाहर्ट्झच्या आकड्यात दिसतो त्याहून जास्त फरक पडतो. जुना हीटसिंक बसणार नाही; भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ झालं आहे. १४४०० भरात असताना १४८ वॅटपर्यंत ओढतो, तेव्हा पाचशे रुपड्यांच्या पॉवर सप्लायवरच्या '४५० वॅट' या चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नका, ८० प्लस ब्राँझ हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला घ्या. मॉडेल फिरवताना अडखळत असेल तर तो ग्राफिक कार्डाचा दोष, प्रोसेसर बदलून तो जाणार नाही.

थांबण्याबद्दल : नव्या पिढीच्या बातम्या बारा महिने चालूच असतात. नवी पिढी आल्यावर जुन्या प्रोसेसरचे भाव थोडे उतरतात हे खरं, पण सध्या रॅम आणि एसएसडीच्या चढ्या भावात ती बचत गडप होते. काम अडत असेल तर थांबू नका. अडत नसेल तर नुसत्या हौसेसाठी याच वर्षी घेऊही नका.

आणखी दोन गोष्टी. फाउंड्रीच्या परिसरातली धूळ नुसती धूळ नसते, तिच्यात लोखंडाचा कीस असतो आणि तो वीज वाहून नेतो. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, पुढच्या पंख्याला जाळी लावा, महिन्याला ब्लोअरने उडवा. उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. दुसरं, बिल. बेळगावात किंवा हुबळीत घेतलं तर ९ आणि ९ टक्के सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. कोल्हापूरहून मागवलं तर बिलावर तुमचा कर्नाटकचा जीएसटी क्रमांक आणि १८ टक्के आयजीएसटी हवा. तिथल्या काउंटरवर घाईत महाराष्ट्राचा एसजीएसटी लावून बिल फाडलं तर त्याचं क्रेडिट तुम्हाला कर्नाटकात घेता येत नाही. दीडशे रुपयांची सूट मिळवून १८ टक्के घालवणारे आपल्याकडे कमी नाहीत.

प्रश्न : चिकोडीत फोटो-व्हिडिओचा व्यवसाय. आय५ ९४००एफ, १६ जीबी, जीटीएक्स १६५०. नवा कॅमेरा ४के १०-बिट ४:२:२ शूट करतो, टाइमलाइनवर क्लिप सरकत नाही. प्रोसेसर की ग्राफिक कार्ड? आणि कधी?

उत्तर : क्लिप उलगडण्याचं काम हार्डवेअरला जमलं तर ती लोण्यासारखी सरकते, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर येतो. ४:२:२ म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार (४:२:० मध्ये ती कमी असते), आणि १६५० कार्डाला तो उलगडता येत नाही. तुमचा प्रोसेसर 'एफ', म्हणजे इंटेलचं आतलं ग्राफिकही नाही. दोन्ही दारं बंद.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं आतलं ग्राफिक एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, मधलं १०-बिट ४:२:२ उलगडतं. म्हणून तुम्ही बाराव्या पिढीचा किंवा पुढचा, आणि नावात एफ नसलेला, बोर्डासकट घ्या. मात्र कॅमेऱ्यात एच.२६५ निवडलेलं असायला हवं. त्याच कॅमेऱ्याच्या एच.२६४ मधल्या १०-बिट ४:२:२ क्लिपला हे आतलं ग्राफिक हात लावत नाही. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका दोन्ही उलगडते, ती घ्यायची ऐपत असेल तर प्रोसेसरला सध्या हात नको.

त्याआधी फुकटातला उपाय करून बघा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या नकला, बनवा, रात्री लावून ठेवायचं, सकाळी कट करायचं. स्टेजवरच्या अक्षतांना आणि जेवणाच्या पंगतीला ४:२:२ लागतही नाही. ४:२:० ठेवा, तुमचं १६५० ते सहज उलगडतं. ४:२:२ मोजक्या शॉटपुरतं ठेवा.

कधी? चातुर्मासात. आषाढी ते तुळशीचं लग्न या काळात तिथी नसतात, मशीन उघडायची वेळ तीच. सीझनमध्ये बोर्ड बदलायचा नाही, दुकानदार कितीही 'दोन तासांत देतो' म्हणाला तरी.

प्रश्न : निपाणीत तंबाखूची वखार. आय३ ८१००, ८ जीबी, एसएसडी आहे. टॅली दुपारनंतर रांगतं, सकाळी ठीक असतं. आय७ टाकू का?

उत्तर : सकाळी ठीक आणि दुपारी मंद, हे उष्णतेचं लक्षण. एचडब्ल्यूइन्फो टाकून प्रोसेसरचं तापमान बघा. ९५-१०० अंशांजवळ जात असेल तर तो जीव वाचवायला स्वतःचा वेग खाली आणतो. तंबाखूची भुकटी साध्या धुळीसारखी उडून जात नाही, हीटसिंकच्या पात्यांत थर धरून बसते आणि ब्लोअरलाही दाद देत नाही. पंखा सोडवून हीटसिंक काढा, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिलने धुवा, पूर्ण वाळू द्या, नवी पेस्ट लावा. वखारीत हे सहा महिन्यांनी करायचंच. आठवी पिढी विंडोज ११ च्या यादीत आहे, तेव्हा आय३ अजून काही वर्षं काढेल. तापमान ठीक निघालं आणि टॅलीचा डेटा दुसऱ्या मशीनवरून वायफायने येत असेल, तर तिथे केबल ओढा.

प्रश्न : वापरलेला आय७ १३७००के स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

उत्तर : जपून. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू कायमचे बिघडत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड, म्हणजे बायॉसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती, काढला. तो पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही. वापरलेला प्रोसेसर आधीच्या मालकाने जुन्या बायॉसवर किती काळ पळवला ते बाहेरून दिसत नाही. इंटेलने या मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, डब्याच्या प्रोसेसरला ती एकूण पाच वर्षं झाली. तेव्हा मूळ बिल आणि डबा मिळत असेल तरच बोला. 'ट्रे'चा, म्हणजे डब्याविना सुटा विकलेला, प्रोसेसर असेल तर वॉरंटी विकणाऱ्याच्या तोंडी शब्दाएवढीच.

प्रश्न : ऑनलाइन झिऑन आणि एक्स९९ बोर्डाचा किट दिसतो, १४ कोअर, रॅमसकट. घरच्या वापराला?

उत्तर : झिऑन हा सर्व्हरचा प्रोसेसर. १४ कोअर खरे आहेत, पण ते २०१४-१६ चे आहेत. एका कोअरचा वेग आजच्या आय३ च्या मागे, विंडोज ११ च्या यादीत नाही, बोर्ड कुठल्याशा कारखान्यातला, बायॉस अपडेट देणारं कोणी नाही आणि आतलं ग्राफिक नसल्यामुळे कार्ड वेगळं घ्यायचं. त्यापेक्षा घरासाठी आय३ १२१०० आणि एच६१० बोर्ड बघा.

प्रश्न : लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का? आय५ १०२१०यू आहे.

उत्तर : नाही, तो बोर्डावर झाळलेला असतो. रॅमचा खाचा मोकळा आहे का ते बघा, जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घाला. दहावी पिढी असल्यामुळे विंडोज ११ ची चिंता नाही.